कर्णबधिर मुलाची भाषा घडवताना तंत्रज्ञान कसे वापरावे

कर्णबधिर मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्माला येतात. निदानाचा कागद हातात पडतो त्या दिवसापर्यंत अशा घरात बहुधा कोणी श्रवणयंत्र जवळून पाहिलेले नसते आणि सांकेतिक भाषेतील एकही खूण कोणाला येत नसते. साहजिकच पहिले सगळे प्रश्न यंत्राबद्दलचे असतात: कोणत्या कंपनीचे घ्यावे, कानामागचे की कानातले, किती वर्षे टिकेल. हे प्रश्न रास्तच आहेत. परंतु यंत्र कानावर चढल्यानंतर त्या घरात दिवसभर कोण मुलाशी काय बोलणार आहे, हे विचारायचे अनेकदा राहून जाते आणि मुलाची भाषा प्रामुख्याने त्याच उत्तरावर ठरते.

कर्णबधिर मुलांना शिकवताना कोणतेही नवे साधन समोर आले की मी एकच गोष्ट पाहते: या साधनामुळे मुलाची आणि समोरच्या माणसाची आज किती वेळा देवाणघेवाण झाली? मुलाने काही दाखवले, मोठ्याने त्याला उत्तर दिले, त्यावर मुलाने पुन्हा काही सांगितले, ही साखळी वाढत असेल तर साधन उपयोगी. मूल एकटेच स्क्रीनकडे बघत बसले असेल तर ते साधन कितीही महागाचे असो, भाषेसाठी त्याचा उपयोग थोडाच. पुढील पायऱ्या याच कसोटीवर रचलेल्या आहेत. त्या याच क्रमाने पार पाडल्या पाहिजेत असे नाही. पहिल्या दोन मात्र टाळता येत नाहीत.

पहिली पायरी : मुलाला नेमके काय ऐकू येते ते जाणून घ्या

नवजात बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, पक्के निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार व मार्गदर्शनाची सुरुवात सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी, असा १-३-६ चा दंडक जगभर मानला जातो. तपासणी उशिरा झाली असेल तर स्वतःला दोष देण्यात वेळ घालवू नये. ज्या दिवशी कळले त्या दिवसापासून कामाला लागावे. लहान बाळाच्या बाबतीत कानातून परत येणारे सूक्ष्म ध्वनी मोजणारी चाचणी आणि आवाजाचा संकेत कानातून मेंदूकडे पोहोचतो का ते पाहणारी, झोपेत केली जाणारी बेरा चाचणी यांवरून अंदाज बांधला जातो, तर मूल प्रतिसाद देऊ लागले की दोन्ही कानांचा स्वतंत्र ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीतला आवाज किती मोठा झाल्यावर ऐकू येतो त्याचा आलेख, काढता येतो. त्या ऑडिओग्रामची प्रत मागून घ्यावी आणि श्रवणतज्ज्ञांना त्यावर बोलण्यातील आवाज कोठे पडतात ते पेन्सिलीने दाखवायला सांगावे. ‘सत्तर टक्के ऐकू येत नाही’ अशा ढोबळ वाक्यातून भाषेसाठी उपयोगाचे काहीच हाती लागत नाही.

हे इतक्या बारकाईने का पाहायचे, ते एका उदाहरणाने सांगते. ‘म’, ‘ऊ’ यांसारखे आवाज खालच्या पट्टीतले आणि तुलनेने जोरकस असतात. ‘स’ हा आवाज ४,००० हर्ट्झच्या पुढे पसरलेला आणि अगदी क्षीण असतो. वरच्या पट्टीतले ऐकू न येणाऱ्या मुलाला ‘तो येतो’ आणि ‘तू येतोस’ या दोन वाक्यांतील क्रियापदे सारखीच ऐकू येतात, कारण त्यांच्यातला फरक त्या एका ‘स’वर तोललेला आहे. मूल हाक मारल्यावर वळून पाहते, त्यामुळे घरच्यांना वाटते की त्याला सगळे समजते. प्रत्यक्षात त्याच्यापर्यंत स्वर पोहोचतात आणि व्याकरण वाटेतच गळून पडते. ओठांकडे पाहून ही तूट भरून निघेल असे मानणेही चुकीचे आहे, कारण पान, बाण, मान आणि भान हे चारही शब्द ओठांवर जवळजवळ सारखेच दिसतात.

दुसरी पायरी : यंत्राची वाट न पाहता आजच भाषा सुरू करा

यंत्र कानात बसवण्यासाठी लागणारा कानाच्या मापाचा साचा तयार होईपर्यंत, यंत्र हाती येईपर्यंत, कॉक्लिअर इम्प्लांट बसवायचा असेल तर शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत अनेक आठवडे जातात, कधी कधी महिनेही. तेवढा काळ मुलाचा मेंदू थांबून राहत नाही. भाषा कानावाटे आली की डोळ्यांवाटे, याने मेंदूच्या मूळ क्षमतेत फरक पडत नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की सांकेतिक भाषा वापरणाऱ्या बधिर आईवडिलांची बधिर बाळे, ऐकू येणारी बाळे ‘बाबाबा’ करतात तशीच, हातांनी बोबडे बोलतात. म्हणून आपल्या भागातील सांकेतिक भाषा शिकायला घरातल्या सगळ्यांनी पहिल्याच आठवड्यात सुरुवात करावी. खुणांचे व्हिडिओ-कोश, शिकवण्या आणि बधिर शिक्षकांचे ऑनलाइन वर्ग हे या घडीचे सर्वांत उपयोगी तंत्रज्ञान आहे. कोशातून सुट्या खुणा मिळतात. वाक्य कसे बांधायचे, प्रश्न विचारताना भुवया कशा उचलायच्या, हे मात्र सांकेतिक भाषा सहज बोलणाऱ्या माणसाकडूनच शिकावे लागते.

खुणा शिकवल्या तर मूल बोलायचे सोडून देईल, ही भीती मला जवळपास प्रत्येक घरात भेटते. त्या भीतीपायी मुलाला दोन-तीन वर्षे कोणत्याच पूर्ण भाषेविना ठेवणे हा यातला सर्वांत मोठा धोका आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या काही वर्षांत एकही भाषा नीट न मिळालेल्या मुलाची जी हानी होते ती पुढे कोणत्याही यंत्राने पूर्ण भरून काढता येत नाही. बोलणे आणि खूण या दोन्ही वाटा खुल्या ठेवल्या तर निवड करण्याची मुभा मुलाकडे राहते.

तिसरी पायरी : श्रवणयंत्राची रोजची दोन मिनिटे

बाळाच्या कानाची नळी लहान असल्याने तोच आवाज तिथे मोठ्या माणसाच्या कानापेक्षा अधिक दाबाने पोहोचतो. त्यामुळे यंत्राचे प्रोग्रामिंग त्या मुलाच्या कानाचे माप घेऊन झाले आहे का, हे श्रवणतज्ज्ञांना अवश्य विचारावे. कान झपाट्याने वाढतो, साचा सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारू लागते. शिट्टी थांबावी म्हणून आवाज कमी करणे हा उपाय नव्हे. मुलाला आवाज ऐकू यावा यासाठीच तर यंत्र आहे. पहिल्या वर्षात काही आठवड्यांनी वा महिन्यांनी नवा साचा लागतो, हे गृहीत धरूनच चालावे.

रोज सकाळी यंत्र घालण्यापूर्वी बॅटरी तपासावी, साच्याच्या छिद्रात मळ किंवा नळीत बाष्प नाही ना ते पाहावे आणि यंत्राला जोडायच्या, स्टेथोस्कोपसारख्या ऐकण्याच्या नळीने स्वतः ऐकून आवाज स्वच्छ येतो याची खात्री करून घ्यावी. झिंक-एअर बॅटरीचा चिकट कागद काढल्यावर ती एखादा मिनिट उघडी ठेवून मगच बसवावी, कारण तिला हवा लागते. रात्री यंत्र ओल शोषणाऱ्या डबीत ठेवावे. बॅटरीचे दार कुलूपबंद प्रकारचे मागून घ्यावे. मुलाने बॅटरी गिळली तर वाट पाहत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

यानंतर सहा आवाजांची चाचणी. डॅनियल लिंग या शिक्षणतज्ज्ञांच्या नावाने ती ओळखली जाते आणि तिच्यात ‘म्’, ‘ऊ’, ‘आ’, ‘ई’, ‘श्’, ‘स्’ हे सहा आवाज खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत बोलण्याचा सारा विस्तार व्यापतात. मुलाच्या शेजारी किंवा किंचित मागे बसावे, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. आवाज नेहमीच्या बोलण्याएवढाच ठेवावा आणि क्रम रोज बदलावा. दोन आवाजांमधील थांबा कमी-जास्त ठेवावा, अन्यथा मूल ताल ओळखून अंदाजाने उत्तर देते. लहान मूल आवाज आला की डब्यात ठोकळा टाकेल, मोठे मूल तोच आवाज परत म्हणून दाखवेल. बाळ असेल तर डोळ्यांची हालचाल, चोखणी चोखायचे थांबणे, मान वळणे एवढेही पुरते. सहाही आवाजांसमोर वहीत बरोबर किंवा चूक अशी खूण करावी. काल ‘स्’ ला ठोकळा टाकणारे मूल आज टाकत नाही आणि बाकी पाच आवाज नीट आहेत, असे दिसले तर बहुधा नळीत ओल आहे किंवा साचा नीट बसलेला नाही. सगळेच आवाज हुकू लागले तर सर्दीने कानात पाणी साचले आहे का, की श्रवणशक्ती घसरते आहे, हे तज्ज्ञांकडून त्याच आठवड्यात तपासून घ्यावे. ही दोन मिनिटे वाचवली की मूल तो अख्खा दिवस बंद पडलेल्या यंत्रासह काढते आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही.

यंत्र दिवसातून किती तास कानावर असते, याची नोंद बहुतेक यंत्रे स्वतः ठेवतात. वर्षाच्या पुढच्या मुलासाठी रोज किमान १० तास हे लक्ष्य धरावे. नोंदीत आकडा कमी निघाला तर दिवसातील कोणत्या वेळी यंत्र निघते ते शोधावे. बऱ्याच घरांत ते गाडीत, अंगावर पाजताना आणि झोपून उठल्यावर निघालेलेच राहते. टोपी, यंत्राला बांधायची दोरी किंवा दुहेरी चिकटपट्टी यांनी हा प्रश्न पुष्कळसा सुटतो.

इम्प्लांट असेल तर

कॉक्लिअर इम्प्लांट आवाज मोठा करत नाही. तो आवाजाचे विद्युतसंकेत करून श्रवणतंतूंपर्यंत थेट पोहोचवतो. निरोगी कानात सुमारे ३,५०० अंतर्गत केशपेशी हे काम करतात, तर इम्प्लांटमध्ये कंपनीनुसार १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात. यावरून मुलाच्या मेंदूला किती शिकून घ्यावे लागते याची कल्पना येईल. शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी बाहेरचा प्रोसेसर सुरू होतो आणि त्यानंतर मॅपिंगच्या, म्हणजे प्रोसेसर त्या मुलाला जुळवून घेण्याच्या, अनेक बैठका होतात. सुरू झाल्याच्या दिवशी मूल हसेल की रडेल यावर काहीच अवलंबून नसते; त्या दिवसाचे व्हिडिओ पाहून आशा बांधू नये आणि निराशही होऊ नये. त्या दिवसापासून ‘ऐकण्याचे वय’ मोजावे. तीन वर्षांच्या मुलाला इम्प्लांट सुरू होऊन सहा महिने झाले असतील, तर ऐकण्यात त्याची तुलना सहा महिन्यांच्या बाळाशी करावी, खुणांच्या भाषेत मात्र तीन वर्षांच्याच मुलाशी. आंघोळीच्या वेळी, झोपताना, चार्जिंग संपल्यावर इम्प्लांट असलेले मूलही पूर्ण बधिर असते आणि त्या वेळेची गोष्ट, त्या वेळेची भीती, त्या वेळेचे लाड यांनाही भाषा लागते.

चौथी पायरी : अंतर आणि गोंगाट कमी करा

मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. एक मीटरवरून चार मीटरवर गेलात की १२ डेसिबल गेले, आणि पंख्याचा, टीव्हीचा, भांड्यांचा आवाज मात्र होता तसाच राहिला. यंत्र दोन्ही आवाज मोठे करते. यावर दूरस्थ मायक्रोफोन हे उत्तम साधन आहे: बोलणाऱ्याच्या छातीवर, तोंडापासून साधारण एक वीत अंतरावर, मायक्रोफोन लावला की त्याचा आवाज बिनतारी मार्गाने थेट यंत्रात किंवा प्रोसेसरमध्ये येतो, जणू बोलणारा मुलाच्या कानापाशी बसला आहे.

त्याचा वापर करताना दोन चुका नेहमी होतात. मायक्रोफोन सुरू ठेवून आई फोनवर बोलते, शेजारच्या खोलीत जाते, आणि मुलाच्या कानात त्याच्याशी काहीही संबंध नसलेले बोलणे अखंड ओतले जाते. तेव्हा तो आवाज बंद करण्याचे बटण वापरण्याची सवय हाताला लावून घ्यावी. दुसरी चूक घरच्या पंगतीत होते. सगळे एकदम बोलतात, हशा पिकतो, मूल ‘काय झाले?’ विचारते आणि त्याला ‘काही नाही, नंतर सांगते’ असे उत्तर मिळते. ऐकणारी मुले अशाच कानावर पडलेल्या गप्पांतून नाती, रुसवेफुगवे, कोणाचे काय चालले आहे हे शिकतात. त्यांना ते कोणी मुद्दाम शिकवत नाही. म्हणून जेवताना मायक्रोफोन हातोहात फिरवावा, ज्याच्या हाती मायक्रोफोन तोच बोलेल असा नियम करावा, टीव्ही बंद ठेवावा, आणि घरात खुणा वापरत असाल तर बसण्याची रचना अशी करावी की मुलाला सगळ्यांचे चेहरे दिसतील. सुरुवातीला हे कृत्रिम वाटते, पण आठवडाभरात अंगवळणी पडते.

पाचवी पायरी : फोनच्या कॅमेऱ्यातून मुलाचे स्वतःचे पुस्तक

माझ्या अनुभवात सर्वांत फलदायी ठरलेले साधन प्रत्येकाच्या खिशात असते. दिवसभरात मुलाच्या बाबतीत घडलेल्या एका छोट्या प्रसंगाचे चार-पाच फोटो काढावेत आणि संध्याकाळी त्यांवर बोलावे. प्रसंग मोठा असायची गरज नाही. समजा, सकाळी एक बूट सापडत नव्हता. पहिला फोटो एकाच पायात बूट घातलेल्या मुलाचा, दुसरा दाराआड शोधताना, तिसरा पलंगाखाली शिरलेल्या दोन पायांचा, चौथा बूट उंचावून धरलेल्या हाताचा.

आता संध्याकाळी आई तिसरा फोटो दाखवते आणि गप्प राहते. हे गप्प राहणेच महत्त्वाचे आहे. ऐकणारे मूल चित्र बघता बघता आईचे बोलणे ऐकू शकते. डोळ्यांनी भाषा घेणाऱ्या मुलाला एका वेळी चित्र तरी बघता येते किंवा आईचे हात आणि चेहरा तरी. मूल फोटो पाहते, दोन पाय ओळखते, हसते आणि मान वर करून आईकडे बघते. त्या क्षणी, आधी नाही, आई खुणेने आणि बोलून विचारते, ‘बूट कुठे होता?’ मूल बोटाने खाली दाखवते. ‘हो, पलंगाखाली! बूट पलंगाखाली होता.’ ती पुन्हा फोटोतील पलंगाकडे बोट नेते आणि त्याच्या डोळ्यांनी पुन्हा वर येण्याची वाट पाहते. बधिर पालक आपल्या मुलांना पुस्तक दाखवताना असेच थांबतात, खूण पुस्तकाच्या पानावरच करतात म्हणजे दोन्ही एका नजरेत येतील, आणि तोच शब्द खुणेने, बोटांच्या अक्षरांनी (एकेक अक्षर बोटांनी दाखवून) व छापील रूपात एकामागोमाग एक दाखवतात.

दुसऱ्या दिवशी त्या फोटोखाली ठळक अक्षरांत ‘बूट पलंगाखाली होता’ एवढे लिहावे आणि पाने वहीत चिकटवावीत किंवा फोनवर एका अल्बममध्ये ठेवावीत. ‘पलंग’ आणि ‘पलंगाखाली’ यांतील फरक बोलण्यात निसटून गेला असला तरी कागदावर तो निसटत नाही. मूल अल्बम उघडून आजीला स्वतःहून दाखवू लागले की समजावे, ते प्रसंग सांगू लागले आहे. मग आपण फोटो काढणे कमी करावे आणि फोन मुलाच्या हाती द्यावा, कारण मुलाने काढलेल्या फोटोत त्याला काय सांगायचे आहे ते आपोआप दिसते.

सहावी पायरी : व्हिडिओ कॉल आणि बधिर माणसांची सोबत

नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांवर झालेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही बाळांशी प्रत्यक्ष खेळता खेळता १२ बैठकांत चिनी भाषेत बोलले गेले, तर काहींना त्याच बोलण्याचा व्हिडिओ दाखवला गेला. पहिल्या गटातील बाळे चिनी आवाजांतील फरक ओळखू लागली, व्हिडिओ पाहणारी मात्र नाही. रेकॉर्ड केलेल्या गोष्टी आणि खुणांची गाणी मुलासमोर लावून देण्याने भाषा येत नाही, याचे याहून स्पष्ट प्रात्यक्षिक मला माहीत नाही. व्हिडिओ कॉल वेगळा आहे, कारण पलीकडचा माणूस मुलाला उत्तर देतो.

त्यामुळे आठवड्यातून दोन-तीन ठरलेल्या वेळी, तेच ते माणूस, दहा-पंधरा मिनिटे, एवढ्यापासून सुरुवात करावी. खुणा करणारी व्यक्ती कमरेपासून डोक्याच्या किंचित वरपर्यंत चौकटीत बसली पाहिजे. केवळ चेहरा दिसला तर अर्धी भाषा चौकटीबाहेर जाते. उजेड समोरून हवा, पाठीमागे खिडकी नको, कपडे एकरंगी आणि हातांच्या रंगापेक्षा वेगळे असावेत. फोन हातात न धरता टेकवून ठेवावा. नेटचा वेग कमी असेल आणि चित्र सेकंदाला वीसपेक्षा कमी चौकटींवर आले तर बोटांची अक्षरे पुसट होतात. तेव्हा चित्राची स्पष्टता कमी करून गती राखावी. बोलून संवाद साधणाऱ्या मुलासाठी कॉलचा आवाज ब्लूटूथने थेट यंत्रात द्यावा आणि पलीकडच्याने ओठ झाकू नयेत.

पलीकडे कोण असावे, हा तांत्रिक बाबींहून मोठा प्रश्न आहे. आजोबा, मावशी हवेतच. परंतु एक तरी बधिर प्रौढ व्यक्ती मुलाच्या नियमित परिचयात असावी. आपण मोठे झाल्यावर ऐकू येऊ लागेल, किंवा बधिर माणसे मोठीच होत नाहीत, असे मानणारी मुले मी पाहिली आहेत, कारण त्यांनी एकही मोठा बधिर माणूस पाहिलेला नसतो. बरोबरीच्या मुलांचाही गट जमवावा. १९७० च्या दशकाच्या शेवटी आणि पुढच्या दशकात निकाराग्वा देशात बधिर मुलांना प्रथमच शाळेत एकत्र आणले गेले, तेव्हा शिक्षकांनी न शिकवताही त्या मुलांनी आपापसांत एक नवी सांकेतिक भाषा घडवली. मुले एकमेकांना काय देऊ शकतात, त्याचा हा दाखला.

सातवी पायरी : लेखी गप्पा

१९६४ साली रॉबर्ट वाइटब्रेख्ट या बधिर भौतिकशास्त्रज्ञाने टेलिफोनच्या तारेवरून टंकलिखित मजकूर पाठवण्याची युक्ती साधली आणि दूरध्वनी प्रथमच बधिर माणसांच्या कामी आला. आज तीच सोय प्रत्येक फोनमध्ये आहे. मूल सहा-सात वर्षांचे झाले, थोडे लिहू लागले की घरच्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट त्याच्यासाठी काढावा, आणि तो मोठ्यांच्या देखरेखीखाली ठेवावा. समोरासमोर बसूनही लेखी गप्पा मारता येतात, आणि मुलांना ते फार आवडते.

कर्णबधिर मुलाच्या लेखनात सर्वांत आधी विभक्ती आणि सामान्यरूपे हरवलेली दिसतात. मूल लिहिते, ‘मी शाळा गेला.’ त्यावर ‘चूक, पुन्हा लिही’ असे उत्तर देऊ नये. आईने लिहावे, ‘हो, तू शाळेत गेलास. शाळेत कोणाशी खेळलास?’ मूल उत्तरते, ‘रवी खेळला.’ आई लिहिते, ‘अरे वा, तू रवीशी खेळलास! काय खेळलात?’ चार संदेशांत ‘शाळेत’, ‘गेलास’, ‘रवीशी’, ‘खेळलास’ ही रूपे मुलाच्या डोळ्यांसमोर आली, तीही त्याला जे सांगायचे होते त्यातच. कानाला न लागणारा तो ‘स’ इथे प्रत्येक वेळी दिसतो आणि संदेश नाहीसा होत नसल्यामुळे मूल वर जाऊन पुन्हा पाहू शकते.

बोललेले आपोआप लिहून दाखवणारी अ‍ॅप्स आणि व्हिडिओंवरील कॅप्शन हे याच पायरीचे पुढचे टोक आहे. वाचता न येणाऱ्या मुलाला त्यांचा उपयोग अगदी कमी. वाचू लागलेल्या मुलाला कॅप्शनचा वेग झेपत नाही, म्हणून व्हिडिओ पाऊणपट वेगाने लावावा आणि अधूनमधून थांबवून बोलावे. आपोआप उमटणाऱ्या मजकुरात विशेषनामे आणि शब्दांचे शेवट वारंवार चुकतात. ऐकणारा माणूस ती चूक मनातल्या मनात दुरुस्त करतो, मुलाला मात्र तेच खरे वाटते. त्यामुळे प्राथमिक वयात माणसाने लिहिलेली किंवा तपासलेली कॅप्शन असलेले व्हिडिओच निवडावेत.

अ‍ॅप आणि खेळ निवडताना

याबद्दल थोडक्यात. जे अ‍ॅप दोघांनी मिळून खेळता येते, ज्यात आपले फोटो व शब्द घालता येतात आणि ज्यात खऱ्या माणसाने केलेल्या खुणा आहेत, ते घ्यावे. संगणकी बाहुलीने केलेल्या खुणांत भुवया, ओठ आणि नजर यांचे व्याकरण बहुतेकदा नीट उतरत नाही, म्हणून मूल भाषा शिकत असताना त्या टाळाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या आत स्क्रीन नको आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एका तासाहून अधिक नको. माणसांशी होणारा व्हिडिओ कॉल मी या हिशेबात धरत नाही.

आठवी पायरी : शाळेपर्यंत साधने पोहोचवा

शाळेच्या पहिल्या आठवड्यात शिक्षकांना एक पानभर टिपण द्यावे: यंत्र कसे घालायचे, बॅटरी कशी बदलायची, सहा आवाजांची चाचणी कशी घ्यायची, मायक्रोफोन कधी बंद करायचा. श्रवणदोष असलेल्या मुलासाठी शिक्षकाचा आवाज वर्गातील गोंगाटाच्या किमान १५ डेसिबल वर राहावा लागतो, आणि रिकाम्या वर्गाचा स्वतःचा आवाज ३५ डेसिबलच्या आसपास व घुमण्याचा काळ ०.६ सेकंदाहून कमी असावा अशी मानके आहेत. पडदे, पुठ्ठ्याचे फलक, खुर्च्यांच्या पायांना रबर लावणे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. इतर मुले प्रश्न विचारतात तेव्हा मायक्रोफोन त्यांच्याकडे जायला हवा, नाहीतर मूल फक्त उत्तरे ऐकते. शिक्षकांनी उद्याच्या धड्यातील नवे शब्द आदल्या दिवशी घरी पाठवले, तर फोटो आणि खुणांसह ते आधीच ओळखीचे करून ठेवता येतात. सांकेतिक भाषेचा दुभाषी असेल तर मूल दुभाष्याकडे आणि फळ्याकडे एकाच वेळी पाहू शकत नाही, हे शिक्षकांना आवर्जून सांगावे.

नववी पायरी : महिन्यातून एक पाच मिनिटांचा व्हिडिओ

दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी आपला आणि मुलाचा खेळतानाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ काढावा. मुलाकडून मुद्दाम काही म्हणून घेऊ नये. नंतर एकट्याने शांतपणे तो पाहावा आणि तीन आकडे लिहावेत: मुलाने स्वतःहून किती वेळा काही सांगितले, आपण त्याला किती वेळा उत्तर दिले, आणि सर्वांत लांब देवाणघेवाण किती फेऱ्यांची झाली. बोललेला शब्द, खूण, बोट दाखवणे, सगळे मोजावे. पहिल्यांदा हा व्हिडिओ पाहणाऱ्या बहुतेक पालकांना दिसते की पाच मिनिटांत आपण वीस प्रश्न विचारले आणि मुलाला उत्तर द्यायला दोन सेकंदही दिले नाहीत. पुढच्या महिन्यात मनात पाचपर्यंत मोजून थांबावे आणि पुन्हा आकडे लिहावेत.

तीन महिने ओळीने फेऱ्या वाढल्या नाहीत तर आधी सहा आवाजांची वही आणि यंत्राच्या तासांची नोंद तपासावी, मग खुणा शिकण्याचा आपला वेग, मग श्रवणतज्ज्ञ व वाचातज्ज्ञांची भेट. प्रत्येक व्हिडिओच्या नावात तारीख, मुलाचे वय महिन्यांत आणि यंत्र सुरू होऊन झालेले महिने लिहावेत. भेटीला जाताना ते व्हिडिओ, सहा आवाजांची वही आणि चार्ज केलेला फोन सोबत न्यावा, आणि तज्ज्ञांनी मुलाला तपासण्यापूर्वी सर्वांत जुना आणि सर्वांत नवा व्हिडिओ त्यांना एकापाठोपाठ दाखवावा.